कपाटातला अस्थिकलश: वॉस्प वैमानिकांच्या मान्यतेचं एक प्रकरण

प्रसंग

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एक आजी वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. मागे मुलं होती, नातवंडं होती आणि हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती. माझी राख वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत ठेवा, असं तीत लिहिलं होतं. राख उरलीच नाही तर रिकामा कलश तरी ठेवा, हेही होतं. दुसऱ्या महायुद्धात आजी ‘वॉस्प’ या स्त्री-वैमानिकांच्या दलातून लष्कराची विमानं उडवत होत्या. सरकारने त्यांना माजी सैनिक म्हणून कागद दिला होता, पुढे पदकही दिलं होतं. त्यामुळे घरच्यांना हा अर्ज म्हणजे फॉर्म भरायचा तेवढा वाटला.

लष्कराने नकार दिला. आर्लिंग्टनसाठी तुम्ही पात्र नाही, असं उत्तर आलं आणि कलश घरातल्या कपाटात राहिला.

कुटुंबाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. आपण त्यांना आजीच म्हणू. या नकाराची मुळं सत्तर वर्षं मागे जातात, आणि दर वेळी कुणीतरी बऱ्यापैकी शहाणपणानेच घेतलेल्या निर्णयात सापडतात. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते त्यामुळेच.

पार्श्वभूमी: काम लष्कराचं, नोकरी नागरी

१९४२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाला कारखान्यातून निघालेली विमानं तळावर पोहोचवायला माणसं कमी पडत होती. नॅन्सी हार्कनेस लव्ह यांनी आधीच मुरलेल्या वैमानिक स्त्रियांची छोटी तुकडी डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन इथे उभी केली. जॅकलिन कॉक्रन यांनी टेक्सासमधल्या ह्यूस्टनला नव्या मुलींचं प्रशिक्षण सुरू केलं. ५ ऑगस्ट १९४३ रोजी दोन्ही एकत्र करून ‘विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स’, म्हणजे वॉस्प, हे नाव दिलं. तोपर्यंत प्रशिक्षण टेक्सासमधल्याच स्वीटवॉटर गावच्या ॲव्हेंजर फील्डवर हललं होतं.

अर्ज २५,००० च्या वर आले. निवड झाली १,८३० जणींची आणि १,०७४ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आजी त्यांतल्याच. विमान शिकायला घरच्यांची सही लागायची आणि आईचा विरोध पक्का होता, म्हणून त्यांनी तो कागद वडिलांच्या कार्यालयात पाठवला होता. वडिलांनी सही करून उलट टपालाने परत धाडला.

या बायकांनी युद्धात १२,००० हून जास्त विमानं इकडून तिकडे पोहोचवली. दुरुस्त होऊन आलेलं विमान आधी त्यांनी उडवून बघायचं, मग पुरुषांनी. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प डेव्हिससारख्या तळांवर त्या विमानामागे लांब दोराला कापडी लक्ष्य बांधून ओढत न्यायच्या आणि खालून नवशिके तोफची त्यावर खरा दारूगोळा झाडायचे. आजींचं काम यामानाने शांत होतं: बाहेर काही दिसत नसताना नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विमान कसं चालवायचं, ते पुरुष वैमानिकांना शिकवणं. जून १९४४ मध्ये पॉल टिबेट्स यांनी (वर्षभराने हिरोशिमावर विमान घेऊन गेले तेच) दोन वॉस्पना नवं बी-२९ हे बाँबफेकी विमान शिकवलं आणि तळोतळी फिरवलं. इंजिनाला आग लागते म्हणून पुरुष त्या विमानाला घाबरत होते. बायका उडवतात म्हटल्यावर भीती गेली की लाज वाटली, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या सगळ्यात ३८ जणी मेल्या. पण कागदोपत्री त्या नागरी नोकर. विमा नाही, लष्करी अंत्यविधी नाही, शवपेटीवर ध्वज टाकण्याचा हक्क नाही. मैत्रिणींनी वर्गणी काढून पेटी घरी पाठवायची. पगार महिना २५० डॉलर. तेच काम करणाऱ्या नागरी पुरुषाला ३८०. गणवेशात कवायत करायची, लष्कराचे हुकूम पाळायचे, पण स्वीटवॉटरला यायचा प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा.

दफनभूमीचा वाददेखील २०१५ चा पहिला नव्हे. चिनी वंशाची अमेरिकी वैमानिक हेझल यिंग ली नोव्हेंबर १९४४ मध्ये मॉन्टानातल्या ग्रेट फॉल्सला विमान उतरवताना झालेल्या धडकेत भाजून गेली. पोर्टलंडच्या दफनभूमीने गोऱ्यांच्या भागात तिला जागा नाकारली. तिचा भाऊ त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये रणगाडा दलात मारला गेला होता. घरचे भांडले, आणि जागा मिळाली.

पहिला निर्णय: आधी उडू, दर्जाचं मग बघू

सुरुवातीला नागरी दर्जा घेण्यात तथ्य होतं. लष्करी दर्जासाठी कायदा लागतो, कायद्याला महिने लागतात आणि विमानं तळावर आजच हवी होती. हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री ‘हॅप’ अर्नोल्ड यांचा बेत असा, की प्रयोग यशस्वी झाला की दर्जा मागता येईल.

दुसरा रस्ता उपलब्ध होता. नौदलातल्या बायकांना १९४२ मध्येच लष्करी दर्जा मिळाला होता आणि स्थलसेनेच्या महिला दलाला १९४३ मध्ये. वॉस्पना त्या महिला दलात सामावून घ्यावं, असं सुचवलं गेलं. कॉक्रन यांनी साफ नकार दिला. त्या दलाच्या प्रमुख ओव्हेटा कल्प हॉबी यांच्या हाताखाली जायची त्यांची तयारी नव्हती. वैमानिकांच्या गरजा वेगळ्या, हा त्यांचा मुद्दा खरा होता. त्यात मानापमान किती होता, हे उघड गुपित आहे.

म्हणून १९४४ मध्ये कॉस्टेलो विधेयक आलं: वॉस्पना थेट हवाई दलात अधिकारी करा. वेळ मात्र चुकली. जानेवारीत सरकारने पुरुषांसाठीच्या नागरी विमानप्रशिक्षण शाळा बंद केल्या होत्या. तिथल्या प्रशिक्षकांची सक्तीच्या भरतीतली सूट गेली आणि आता पायदळात जावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं. ते संघटित होते, त्यांना मतं होती, वर्तमानपत्रांत ओळखी होत्या. आमची नोकरी बायका खातात, ही ओरड वॉशिंग्टनमध्ये पोहोचली. प्रतिनिधीगृहाच्या रॅम्सपेक समितीने नवी भरती थांबवा, असा अहवाल दिला. २१ जून १९४४ रोजी विधेयक १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडलं. फरक १९ मतांचा.

यानंतरची एक पायरी फारशी कुणाच्या चर्चेत नसते. ऑगस्टमध्ये कॉक्रन यांनी अहवाल दिला, त्याचा रोख असा: लष्करी दर्जा द्या, नाहीतर दल बंद करण्याचा विचार करा. डाव टाकला आणि उलटला. २० डिसेंबर १९४४ रोजी दल बरखास्त झालं. आल्या तशा त्या आपापल्या खर्चाने घरी गेल्या, आणि कामाच्या नोंदी गोपनीय शिक्का मारून तीसेक वर्षं बंद झाल्या. नोंदीच नाहीत म्हटल्यावर युद्धाच्या इतिहासातूनही त्या गळाल्या.

दुसरा निर्णय: १९७७ चा आडरस्ता

सत्तरच्या दशकात हवाई दलाने जाहीर केलं, की आता प्रथमच स्त्रिया लष्करी विमानं उडवणार. पन्नाशी-साठीच्या वॉस्पनी ते वाचलं आणि डोकं फिरलं. सगळ्या पुन्हा एकमेकींना गाठू लागल्या. आजीही त्या मोहिमेत होत्या. अर्नोल्ड यांचा मुलगा, निवृत्त कर्नल ब्रूस अर्नोल्ड, सोबत होता. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर युद्धात स्वतः विमानं पोहोचवायचं काम करत. या बायकांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विरोध जिथून अपेक्षित नव्हता तिथून आला: माजी सैनिकांच्या संघटना, त्यांच्या सवलती बघणारं सरकारी खातं म्हणजे माजी सैनिक प्रशासन, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचं सरकार. यांना दिलं तर युद्धात राबलेला प्रत्येक नागरी कामगार उद्या दारात येईल, ‘माजी सैनिक’ या शब्दाला किंमत राहणार नाही, असा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता.

मग एका वॉस्पच्या घरून एक जुना कागद निघाला: सन्मानपूर्वक सेवामुक्तीचं प्रमाणपत्र. युद्धानंतर तिच्या तळावरच्या कुणा अधिकाऱ्याने इतर सैनिकांना द्यायचा तोच छापील नमुना तिलाही भरून दिला होता. कर्नल अर्नोल्ड यांनी तो काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, ज्येष्ठ सदस्य आणि युद्धात लढलेले ऑलिन टीग यांच्यापुढे ठेवला. टीग यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावरचा मजकूर शब्दशः तोच होता. भाषणांनी जे झालं नव्हतं ते या कागदाने बरंच पुढे नेलं. आपल्याकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान पेन्शनसाठी ज्यांनी कचेऱ्या झिजवल्या, त्यांना हे नवं वाटणार नाही. तुरुंगात गेलेल्याला तुरुंगाचा दाखला मिळे. भूमिगत राहून निरोप पोहोचवणारीला साक्षीदार शोधत फिरावं लागे.

आता दोन पर्याय होते. एक, वॉस्प या माजी सैनिक आहेत, असं सरळ कायद्यात लिहून घेणं. दोन, तडजोड: संरक्षणमंत्र्यांनी निकष लावून ठरवावं, आणि वॉस्पसारखी परिस्थिती असलेल्या इतर गटांनाही तोच दरवाजा उघडा ठेवावा. सरळ रस्त्याला प्रतिनिधीगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष आडवे होते. म्हणून दुसरा पर्याय दुसऱ्याच एका विधेयकाला, माजी सैनिकांच्या शिक्षण-सवलतींच्या विधेयकाला, जोडून मंजूर करवला. २३ नोव्हेंबर १९७७ रोजी कार्टर यांची सही झाली. मार्च १९७९ मध्ये निकष पुरे होतात असा निर्णय आला आणि त्याच वर्षी सेवामुक्तीची अधिकृत कागदपत्रं मिळू लागली.

आता त्या कायद्याची शब्दरचना बघा. वॉस्पची सेवा ‘माजी सैनिक प्रशासन राबवत असलेल्या कायद्यांपुरती’ सक्रिय लष्करी सेवा धरावी, असा त्याचा आशय आहे. १९७७ मध्ये या शब्दांवर कुणी अडून बसलं नाही. दवाखाना, शवपेटीवरचा ध्वज, दफनाची सोय हे सगळं त्या प्रशासनाकडेच होतं. बहुतेक राष्ट्रीय दफनभूम्याही त्याच्याच ताब्यात. आर्लिंग्टन मात्र नाही. आर्लिंग्टन स्थलसेनेच्या ताब्यात.

मधली पंचवीस-तीस वर्षं

२००२ मध्ये एका वॉस्पच्या अस्थींवरून वाद झाला, तेव्हा स्थलसेनेने नियम सैल केला. वॉस्पचे कलश लष्करी मानवंदनेसह आर्लिंग्टनच्या भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवता येतील, असं ठरलं. सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. पण तो नुसता प्रशासकीय निर्णय होता. त्याला कायद्याचा आधार नव्हता.

२००९ मध्ये काँग्रेसने वॉस्पना सुवर्णपदक देण्याचा कायदा केला. सिनेटमधल्या झाडून सगळ्या १७ स्त्रिया पाठीशी होत्या. १ जुलैला ओबामांची सही झाली आणि १० मार्च २०१० रोजी कॅपिटॉलमध्ये समारंभ झाला. नव्वदीच्या आसपासच्या बायका, काही चाकाच्या खुर्चीत, टाळ्या घेत होत्या. या दिवशी मागितलं असतं ते मिळालं असतं.

पेच

मार्च २०१५ मध्ये स्थलसेना सचिव जॉन मॅकह्यू यांनी टिपण काढलं: वॉस्प आणि त्याच कायद्याखाली मान्यता मिळालेले इतर गट आर्लिंग्टनसाठी पात्र नाहीत. कारणं तीन. १९७७ चा कायदा माजी सैनिक प्रशासनापुरता आहे, स्थलसेनेला लागू नाही. २००२ मध्ये स्थलसेनेने अधिकाराबाहेर जाऊन परवानगी दिली होती. आणि आर्लिंग्टनमध्ये जागा संपत चालली आहे.

महिन्याभरात आजी गेल्या.

इथे एक गोष्ट कडू वाटली तरी मान्य करायला हवी: कायद्याच्या अक्षराला धरून बघितलं तर स्थलसेनेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ‘लष्कराला बायकांची कदर नाही’ एवढं म्हणून थांबलं तर नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. जागेचा मुद्दा मात्र मला लंगडा वाटतो. उरलेल्या वॉस्प थोड्या, आणि त्यांतल्या आर्लिंग्टन मागणाऱ्या त्याहून थोड्या. भिंतीतल्या कोनाड्यांचा प्रश्न शंभर-दीडशे म्हाताऱ्यांनी सुटत नाही आणि बिघडतही नाही.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे दुसरी राष्ट्रीय दफनभूमी. तिथे आजींचा हक्क वादातीत होता. कलश दोन आठवड्यांत ठेवून झाला असता. पण चिठ्ठीत आर्लिंग्टन लिहिलं होतं.

अपवाद म्हणून परवानगी मागणं हा दुसरा. एका कुटुंबापुरता तो कदाचित चाललाही असता. पण अपवाद म्हणजे पुन्हा मेहेरबानी. पुढच्या वॉस्पच्या नातवंडांना पुन्हा तीच रांग, आणि पुढचा सचिव वेगळं म्हणाला की सगळं मुसळ केरात. २००२ ची सवलतही शेवटी मेहेरबानीच होती.

कोर्टात जाण्यात अडचण अशी, की १९७७ च्या शब्दांचा अर्थ स्थलसेना लावते तसाच कोर्टानेही लावला असता तर तो कायमचा पक्का झाला असता. उरलं ते कायदा बदलणं. वेळ लागणार, राजकारण करावं लागणार आणि तोवर कलश कपाटात.

काय केलं

कुटुंबाने शेवटचा रस्ता धरला. एक नात वकील होती, हे दैव म्हणायचं. कपाटातल्या कलशाची बातमी २०१५ च्या अखेरीस बाहेर आली. आजी, चिठ्ठी आणि कपाट, एवढ्याने वाचणाऱ्याला सगळं कळत होतं. कलमांची नावं सांगावी लागत नव्हती. ऑनलाइन निवेदनावर पावणेदोन लाखांवर सह्या झाल्या.

मागणी काय करायची, हा निवाड्याचा खरा प्रसंग होता. ‘आमच्या आजीला न्याय द्या’ असं म्हणता आलं असतं. मागितलं गेलं ते असं: १९७७ च्या कायद्याने ज्यांची सेवा सक्रिय सेवा ठरली आहे, त्यांच्या अस्थी ठेवण्याचा हक्क आर्लिंग्टनमध्येही असल्याचं कायद्यात लिहा. थोडक्यात, १९७७ चं भोक जिथे होतं तिथेच ठिगळ. जानेवारी २०१६ मध्ये प्रतिनिधीगृहात विधेयक मांडलं मार्था मॅकसॅली यांनी. त्या स्वतः हवाई दलातल्या, लढाऊ विमान प्रत्यक्ष युद्धात उडवणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री. सिनेटमध्ये बार्बरा मिकुल्स्की यांनी बाजू लावून धरली. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. निवडणुकीच्या वर्षात हे जमवणं सोपं नव्हतं. मार्चमध्ये प्रतिनिधीगृहात एकही विरोधी मत न पडता विधेयक गेलं, मे महिन्यात सिनेटने मंजूर केलं.

निष्पत्ती

२० मे २०१६ रोजी ओबामांनी सही केली. टिपणापासून कायद्यापर्यंत चौदा महिने. १९४४ ला पडलेल्या विधेयकानंतर कागदावर मान्यता यायला ३३ वर्षं लागली होती; त्यामानाने हे झटपटच झालं.

७ सप्टेंबर २०१६ रोजी आजींचा कलश लष्करी मानवंदनेसह आर्लिंग्टनमध्ये ठेवला गेला. जाऊन सतरा महिने झाले होते.

वेगळं काय करता आलं असतं

१९४३ मध्ये महिला दलात जायला कॉक्रन तयार झाल्या असत्या तर? दर्जा बहुधा मिळाला असता, दल कदाचित स्वतंत्र राहिलं नसतं, आणि मेलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या पेटीवर ध्वज असता. वर्गणी काढून पाठवलेल्या पेट्यांचा विचार केला की कॉक्रन यांचा ताठा मला महाग वाटतो. पण त्याच ताठ्याशिवाय स्वीटवॉटरचं ॲव्हेंजर फील्ड उभं राहिलं नसतं, हेही खरं.

१९७७ च्या तडजोडीला मी दोष देणार नाही. सरळ रस्ता बंद होता आणि त्या बायका साठीला टेकल्या होत्या. शिवाय ‘तशाच इतर गटांना’ हे शब्द कायद्यात राहिल्यामुळे पुढे पहिल्या महायुद्धातल्या टेलिफोन ऑपरेटर बायकांना, आणि १९८८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना त्याच दारातून आत येता आलं. चूक असलीच तर एका शब्दसमूहाची: ‘माजी सैनिक प्रशासन राबवत असलेल्या’. त्या जागी ‘संयुक्त राज्यांच्या सर्व कायद्यांपुरती’ असं मागून पाहिलं असतं तर विरोधकांनी ते कदाचित उडवलं असतं, पण मागितल्याची नोंद तरी राहिली असती.

माझ्या मते सुटलेली खरी संधी २००९ ची आहे. सुवर्णपदकाच्या विधेयकाला विरोध करायची कुणाची छाती नव्हती. त्याच झपाट्यात आर्लिंग्टनची २००२ ची सवलत कायद्यात बसवणारं चार ओळींचं दुसरं विधेयक निघालं असतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या वेळी सवलत चालू होती. चालू असलेल्या सवलतीचा कायदेशीर पाया कोण तपासून बघतं?

कुटुंबाच्या बाजूने एकच गोष्ट लवकर होऊ शकली असती. आर्लिंग्टनच्या पात्रतेची विचारणा आजी हयात असताना करता आली असती. २०१५ च्या आधी ‘पात्र’ असं लेखी उत्तर हातात असतं तर नंतरचा नकार इतक्या सहज टिकला नसता. पण ९५ वर्षांच्या माणसासमोर बसून हा अर्ज कोण भरणार?

आणि २०१६ च्या कायद्यातही एक शब्द जपून घातलेला आहे. तो हक्क अस्थींचा कलश ठेवण्याचा आहे. एखाद्या वॉस्पला दहन नको, आर्लिंग्टनच्या मातीत पेटीतून दफन हवं असेल, तर या कायद्याने ते मिळत नाही.